जॅग्वारच्या मागावर : ब्लॅकपूल ते कॅसल ब्रॉमिच

मार्च २००८. पिंपरीला आमच्या टाटा मोटर्सच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीच्या चहाची वेळ होती आणि कँटीनमध्ये बातमी आली की टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या. २.३ अब्ज डॉलर! जानेवारीतच नॅनो दाखवून झाली होती आणि आता हे. सगळे एकदम बोलत होते. आमच्या डाय शॉपमधले, म्हणजे पत्रा दाबायचे साचे (डाय) बनवणाऱ्या विभागातले, सगळ्यांत जुने फिटर मात्र बशीतला चहा संपवून एवढंच म्हणाले, "त्या गाडीचा पत्रा कसा काढत असतील, ते बघायला पाहिजे."

मला ते बघायला सतरा वर्षं लागली. माझी भाची कॉव्हेंट्रीत एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. निवृत्तीनंतर २०२५ च्या जूनमध्ये मी आणि सौ. तिच्याकडे निघालो. फोनवर तिने विचारलं, "मामा, लंडन कधी ठेवू?" मी म्हटलं, आधी ब्लॅकपूल. तिला वाटलं आम्हाला समुद्र बघायचाय.

पहिला दिवस : ब्लॅकपूल

मँचेस्टरला विमानातून उतरून थेट ब्लॅकपूल नॉर्थची गाडी धरली. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने सौ.ची छत्री उलटी केली. जून महिना, तरी अंगात स्वेटर हवाच. समोर आयरिश समुद्र, राखाडी आणि खवळलेला. किनाऱ्यावर १८९४ सालचा उंच लोखंडी टॉवर आणि १८८५ पासून धावणारी ट्रॅम. ओहोटीच्या वेळी वाळू इतकी दूरवर उघडी पडते की समुद्र गेला कुठे असं वाटतं.

जॅग्वारची गोष्ट या सहलीच्या गावात सुरू होते, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. विल्यम लायन्सचा जन्म इथला, ४ सप्टेंबर १९०१ चा. वडिलांचं वाद्यांचं दुकान होतं. पोराला मात्र मोटारसायकलींचं वेड. त्यांच्याच रस्त्यावर विल्यम वॉम्स्ली नावाचा तरुण राहायला आला. तो घरामागच्या गॅरेजात ॲल्युमिनियमचे अष्टकोनी, चकचकीत साइडकार बनवायचा. लायन्सने त्याच्याकडून एक विकत घेतला आणि त्याला धंदा दिसला. १९२२ साली, म्हणजे लायन्सच्या एकविसाव्या वर्षी, दोघांनी भागीदारी केली. दोन्ही वडिलांनी ५००-५०० पौंडांची हमी दिली, तेव्हा बँकेने हजार पौंडांची उचल मंजूर केली. कंपनीचं नाव स्वॉलो. स्वॉलो म्हणजे आपली भिंगरी, हिवाळ्यात तारांवर रांगेने बसते तीच.

पहिला कारखाना ब्लूमफील्ड रोडवर होता. आज तो रस्ता फुटबॉलच्या मैदानासाठी ओळखला जातो. विटांची घरं, दुकानं, मैदानाची उंच भिंत. आम्ही वाऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आलो. मला पाहायचं होतं ते इथून स्टेशनापर्यंतचं अंतर. १९२७ पासून स्वॉलो ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीवर स्वतःची बॉडी चढवू लागली. ॲश लाकडाचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि दोन रंगांत रंगवलेलं अंग. हेन्लीज या लंडनच्या विक्रेत्याने एकदम ५०० गाड्यांची मागणी नोंदवली. नुसत्या चासी रेल्वेने यायच्या टॅलबट रोड स्टेशनात, म्हणजे आम्ही सकाळी उतरलो त्याच ब्लॅकपूल नॉर्थला. स्टेशनाचं आवार चासींनी भरून जायचं आणि स्टेशनमास्तर वैतागायचा. शेवटी १९२८ मध्ये लायन्सने बिऱ्हाड हलवलं आणि कॉव्हेंट्री गाठलं.

आमच्या गेस्टहाउसच्या आजी सत्तरीच्या होत्या. मी कशासाठी आलोय हे कळल्यावर त्यांनी सकाळी टोस्टसोबत ब्लॅकपूल रॉकच्या दोन कांड्या दिल्या. ही गुलाबी साखरेची कांडी. कुठेही तोडा, आत गावाचं नाव लिहिलेलं दिसतं. अक्षरं आधी जाड गोळ्यात रचतात आणि मग तो गोळा ओढत ओढत बारीक करतात. मी ती अर्धी कांडी पुण्यापर्यंत जपून आणली.

(इथे जाणाऱ्यांसाठी: समुद्रासमोरच्या हॉटेलापेक्षा एक गल्ली आत राहा, वारा कमी लागतो आणि दरही. मासे-बटाटे किनाऱ्यावर उभ्याने खाऊ नका, सीगल हातातून घेऊन जातात.)

दुसरा दिवस : वाटेत

एक गाडी रद्द झाली, प्रेस्टनला दोन तास बसलो. सौ.ने मेथीचे ठेपले काढले. बाकी सांगण्यासारखं काही नाही, पण एक गोष्ट नक्की करा. दोघं मिळून फिरणार असाल तर रेल्वेचं 'टू टुगेदर' कार्ड काढा. दोघांच्या तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊपूर्वी मात्र ते चालत नाही. रात्री साडेनऊला कॉव्हेंट्रीत पोचलो तरी आकाशात उजेड होता. भाचीने पिठलं-भात करून ठेवला होता.

तिसरा दिवस : फोल्सहिल

वारा ब्लॅकपूललाच राहिला. इथे तीस अंशांवर पारा, आणि घरांची बांधणी थंडीसाठीची, त्यामुळे आत भट्टी. सकाळीच बाहेर पडलो.

फोल्सहिल रोडवर गेलं की आपण इंग्लंडात आहोत हे विसरायला होतं. कापडाची दुकानं, मिठाई, गुरुद्वारा, भाजीत कारली आणि मेथी. लायन्सचा कॉव्हेंट्रीतला पहिला कारखाना इथूनच आत, हॉलब्रुक लेनला होता. पहिल्या महायुद्धात तोफगोळे भरायची जागा ती, पुढे ओस पडलेली. इथे आल्यावर आठवड्याच्या डझनभर गाड्यांवरून पन्नासवर जायचं लायन्सने ठरवलं. त्या भागात आजही एका रस्त्याचं नाव स्वॉलो रोड आहे. पाटीचा फोटो काढत होतो तेव्हा कट्ट्यावर बसलेले एक सरदारजी उठून आले. वय ऐंशीच्या पुढे. साठच्या दशकात जालंधरहून आलेले, सगळी हयात इथल्या फाउंड्रीत. मी पुण्याचा, टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ओतकाम की पत्रा?" असं त्यांनी विचारलं, अर्थात पंजाबी-हिंदीत. मी म्हटलं पत्रा. मग आम्हाला घरी नेऊन आलं घातलेला चहा पाजला. त्यांच्या हातावर भाजल्याचे जुने डाग होते. त्यांनी मुलाच्या लग्नात भाड्याने जॅग्वार आणली होती आणि तिचा फोटो भिंतीवर होता, गुरूंच्या तसबिरीखाली.

लायन्सची खरी करामत काय होती, हे इथे बसून नीट सांगता येईल. १९३१ मध्ये त्याने एसएस-१ ही गाडी आणली. लांबलचक बॉनेट आणि बुटकं छत. सांगतात की गाडी घडत असताना तो अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता, तेवढ्यात वॉम्स्लीने माणसं नीट बसावीत म्हणून छत उंच केलं. परत आल्यावर लायन्स भडकला. तरीसुद्धा गाडी हजार पौंडांची दिसत होती आणि किंमत होती ३१०. वॉम्स्ली पुढे बाहेर पडला. १९३५ मध्ये जॅग्वार हे नाव पहिल्यांदा गाडीला लागलं. लंडनच्या मेफेअर हॉटेलात विक्रेत्यांना जेवायला बोलावून गाडी दाखवली आणि किमतीचा अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगितला. सरासरी आली ६३२ पौंड. खरी किंमत ४०० च्या आत होती. दिसण्याची किंमत एक आणि देण्याची किंमत त्याहून कितीतरी कमी. या माणसाचा सगळा धंदा या फरकावर उभा होता. हिटलरच्या एसएस पथकांमुळे युद्धानंतर 'एसएस' ही अक्षरं कुणाला ऐकवेनात, म्हणून १९४५ मध्ये कंपनीचंच नाव जॅग्वार झालं.

युद्धकाळात रात्री बाँबच्या आगींवर लक्ष ठेवायची पाळी असे. त्या पाळीत लायन्स आणि त्याचे इंजिनिअर विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली याच कारखान्यात एकत्र बसून नव्या इंजिनाचा आराखडा बोलत. त्यातून सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन निघालं. ते १९४८ पासून १९९२ पर्यंत कुठल्या ना कुठल्या गाडीत बसत राहिलं. रात्रपाळी केलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी ऐकू येते. पहाटे तीनला चार जाणकार जागे असले की काय काय बोलणं होतं, ते मला ठाऊक आहे.

चौथा दिवस : कॉव्हेंट्री शहर

आधी कॅथीड्रल. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात जुनं जळालं. त्याच्या भिंती तशाच ठेवल्यात, वर आकाश. शेजारी नवं, १९६२ चं. सौ. तिथे तासभर बसून राहिली.

दुपारी ट्रान्सपोर्ट म्युझियम. स्टेशनापासून पंधरा-वीस मिनिटं चालत. रेशमी फिती, मग घड्याळं, मग शिवणयंत्रं, मग सायकली, मग मोटारी असा या शहराचा क्रम आहे. बोटांत बारीक काम असलेली माणसं इथे आधीपासून होती. लायन्स इथेच का आला याचं उत्तर त्या सायकलींच्या दालनात मिळतं. पुण्यातही असंच झालं. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी पिंपरीला १९६६ मध्ये आधी मशीन टूल आणि शिकाऊ मुलांचं प्रशिक्षण उभं केलं. ट्रक बाहेर पडला १९७७ ला. आधी हात तयार करायचे, गाडी नंतर.

पाचवा दिवस : गेडन

आमच्या सहलीचा हा मुख्य दिवस. ब्रिटिश मोटर म्युझियम वॉरिकशरमध्ये गेडनला आहे, एम-४० च्या १२ नंबरच्या फाट्याजवळ, जुन्या हवाई दलाच्या धावपट्टीशेजारी. भाचीने रजा काढून गाडीने नेलं. जाताना तिने वॉरिक विद्यापीठातली, तिथे उद्योगांसाठीचा संशोधन विभाग उभारणारे लॉर्ड कुमार भट्टाचार्य यांच्या नावाची इमारत दाखवली. टाटा मोटर्स, जॅग्वार लँड रोव्हर आणि विद्यापीठाने मिळून ती उभी केली. "मामा, माझी पहिली मुलाखत इथे झाली," ती म्हणाली. (सार्वजनिक वाहनाने इथे यायचं मनात आणू नका. लेमिंग्टन स्पा किंवा बॅनबरीपर्यंत रेल्वे आणि पुढे टॅक्सी. पूर्ण दिवस हाताशी ठेवा, आणि कलेक्शन्स सेंटर ही मागची वेगळी इमारत चुकवू नका. जॅग्वारच्या वारसा-संग्रहातल्या बऱ्याच गाड्या तिथे असतात.)

आत एक स्वयंसेवक भेटले, पंचाहत्तरीचे, जॅग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात बॉडीवर काम केलेले. मी डाय शॉपचा, हे भाचीने सांगितलं आणि पुढचे तीन तास त्यांनी आम्हाला सोडलं नाही. तिला दुभाषी म्हणून आणलं होतं, पण अर्ध्या वेळी आम्ही दोघं हातांनीच बोलत होतो.

एक्सके १२० या गाडीपुढे त्यांनी मला थांबवलं आणि पत्र्यावर बोटाच्या मागच्या बाजूने रेघ ओढायची खूण केली. आमच्याकडेही पत्र्याचा चढउतार असाच बघतात, डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. ही गाडी १९४८ च्या लंडनच्या प्रदर्शनात आली. लायन्सला वाटलं होतं, एक्सके इंजिन दाखवायला शंभर-दोनशे करू. त्यामुळे मोठ्या डाय केल्याच नाहीत. लाकडी सांगाड्यावर हाताने घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. पण मागणीचा असा लोंढा आला, आणि १९४९ मध्ये बेल्जियमच्या याबेके रस्त्यावर तिने ताशी १३२ मैलांचा वेग गाठल्यावर तो इतका वाढला, की अशा सुमारे २४० गाड्यांनंतर पोलादी पत्र्यासाठी डाय कराव्या लागल्या. हाताचं काम आधी आणि डाय नंतर! आमच्या धंद्यात हे उलटं आहे, आणि तरीही ती वळणं इतकी शुद्ध.

मग त्यांनी सांगितलं की लायन्सला चित्र काढून गाडी सुचायची नाही. तो कसबी पत्रेवाल्यांना हाताशी घेऊन खऱ्या मापाचा नमुना करवून घ्यायचा. इथे थोडं वर, तिथे अर्धा इंच खाली. मग तो नमुना आपल्या वॉपनबरी हॉलच्या घरी नेऊन, दिवसाच्या उजेडात, हिरवळीवर ठेवून बघायचा. जॅग्वारचाच माल्कम सेयर अगदी उलट. तो विमानांच्या कंपनीतून आलेला, हवेचं गणित करणारा. तो पत्रेवाल्यांना आकड्यांचे रकाने द्यायचा, या बिंदूला इतकं, त्या बिंदूला इतकं. सी-टाइप आणि डी-टाइप या शर्यतीच्या गाड्या त्याच्या. १९५१ ते १९५७ मध्ये फ्रान्समधली ल मां ही चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने पाचदा जिंकली. त्यातली १९५३ ची डिस्क ब्रेकच्या जोरावर. १९५५ च्या विजयाबद्दल बोलताना स्वयंसेवकांचा आवाज खाली आला. त्या शर्यतीत ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले, आणि शर्यतीला निघालेला लायन्सचा एकुलता मुलगा जॉन त्याआधी फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला होता.

आणि मग ई-टाइप. मार्च १९६१, जिनिव्हाचं प्रदर्शन. फेऱ्या मारायला एक गाडी पुरेना, म्हणून चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रात्रभर चालवत घेऊन गेला. दीडशे मैलांचा वेग सांगणारी ही गाडी ॲस्टन मार्टिनच्या जवळपास निम्म्या किमतीला मिळत होती. पण मला बॉनेटच्या शिवणी बघायच्या होत्या. एवढं लांब बॉनेट एका घावात काढायला जी डाय लागेल तिचा खर्चच परवडला नसता. म्हणून छोटे छोटे तुकडे दाबून काढायचे, जोडायचे, सांधे शिशाने भरायचे आणि कानशीने घासून एक करायचे. स्वयंसेवकांनी हवेत कानस चालवून दाखवली. मनगटाची ती चाल मी पिंपरीला हजारदा पाहिली आहे. गाडी स्वस्त कशी पडायची? डायचा पैसा वाचायचा आणि माणसाचा हात भरपूर वापरला जायचा. २००८ मधल्या आमच्या फिटरांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. ते आता नाहीत, नाहीतर त्याच रात्री फोन केला असता.

निघताना स्वयंसेवकांनी टाटांबद्दल विचारलं. मी म्हटलं, पुण्यात जॅग्वारची जोडणी झाली तेव्हा ती बघायला आमच्या शॉपमधली माणसं पाळी संपवून थांबली होती. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की फोर्डने पैसा ओतला, पण गाड्या जुन्या चेहऱ्याच्या काढत राहिले. टाटांच्या काळात डिझायनर आयन कॅलमच्या हातच्या गाड्यांना निदान पुढे बघायची मोकळीक होती. मला हे पटलं. आय-पेस ही विजेवरची गाडी २०१९ मध्ये युरोपातली आणि जगातली, दोन्ही 'कार ऑफ द इयर' ठरली. तरी विक्री टिकली नाही. २०१८ मध्ये वर्षाला १ लाख ८० हजारांच्या घरात असलेला आकडा पाच-सहा वर्षांत निम्म्याच्याही खाली आला.

कँटीनमध्ये स्कोन, क्रीम आणि स्थानिक स्ट्रॉबेरी. आपली महाबळेश्वरची आंबटगोड, ही नुसती गोड. सौ.चं मत महाबळेश्वरच्या बाजूने पडलं.

सहावा दिवस : ब्राउन्स लेन आणि कॅसल ब्रॉमिच

ब्राउन्स लेनला जॅग्वार १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. १२ फेब्रुवारी १९५७च्या रात्री इथे मोठी आग लागली, शेकडो गाड्या जळाल्या, आणि काही दिवसांत कामगारांनी लाइन पुन्हा चालू केली. २००५ मध्ये इथली जोडणी कायमची थांबली. आज त्या जागेवर घरं आहेत, गोदामं आहेत. उद्योगवसाहतीचं नाव लायन्स पार्क, एका रस्त्याचं नाव सेयर ड्राइव्ह. त्या रस्त्यावर पार्सलचे ट्रक एकामागोमाग वळत होते.

तिथून बर्मिंगहॅमच्या कडेला कॅसल ब्रॉमिच. चौकात आकाशाकडे झेपावणारी तीन स्पिटफायर विमानं उभी केली आहेत, शिल्पकार टिम टॉल्किनचं काम. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यातून ११ हजारांहून अधिक स्पिटफायर बाहेर पडली. पुढे तो जॅग्वारकडे आला. २०१९ मध्ये इथे विजेवरची एक्सजे होणार असं जाहीर झालं होतं, २०२१ मध्ये तो बेत सोडला, आणि २०२४ च्या मध्यावर इथून शेवटची जॅग्वार बाहेर पडली.

भाचीने फोनवर नव्या टाइप ००चे फोटो दाखवले, मायामीत डिसेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या गुलाबी आणि निळ्या गाडीचे. मागची काच नाही, बॉनेट लांब, बाजू सपाट. जाहिरातीवरून आणि बदललेल्या अक्षरांवरून जगभर आरडाओरडा झाला. मला त्याचं वाईट वाटत नाही. लायन्सच्या गाड्याही त्या काळात विचित्रच वाटल्या होत्या, आणि बॉनेटचं ते माप त्याने ओळखलं असतं. मला सलतं ते वेगळंच. नवी गाडी लाख पौंडांच्या वर असेल म्हणतात. म्हणजे दिसेल तेवढीच किंमत. फोल्सहिलच्या भिंतीवरच्या त्या फोटोतली गाडी ज्या हिशेबाने जन्मली, तो हिशेब यात कुठे बसतो, हे मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, तशा गाड्या आता चीनमध्ये बनतात." मी काही बोललो नाही. ती या धंद्यात आज आहे, मी काल होतो.

फाटकाशी थांबलो. आत जायला परवानगी नव्हती आणि मी मागितलीही नाही. पण भाचीने एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याच म्युझियममध्ये कळली नव्हती. जोडणी बंद झाली तरी इथलं प्रेस शॉप चालू आहे. कंपनीच्या बाकी गाड्यांचा पत्रा इथे दाबला जातो आणि पुढच्या विजेच्या गाड्यांसाठी ते वाढवायचं ठरलंय. मी गाडीची काच खाली केली. महामार्गाचा आवाज मोठा होता, आतलं काही ऐकू आलं नाही. अडीच वाजले असतील. फाटकातून दहा-बारा माणसं बाहेर पडली, पाठीवर सॅक, कानांवरून मफ नुकतेच उतरवलेले. त्यातल्या एकाने चालता चालता उजवा अंगठा तळव्यावर घासला. पत्र्याच्या धारेने कापलेली जागा अशीच हुळहुळते.

सौ. म्हणाली, "अजून थांबायचंय का?" मी म्हटलं, पाच मिनिटं.